अकरा कागद

सहाव्या वाढदिवसाला इंगाला मुंग्या हव्या होत्या.
परी नको, चाचे नकोत,
डायनासोर तर मुळीच नकोत.
जानेवारीत, ऑर्कनीच्या या टोकाच्या बेटावर,
जिथं झाड म्हणावं असं एकच,
तेही चर्चच्या भिंतीआड मान घालून उभं,
मुंग्या आणू कुठून?

म्हणून केल्या.
अंड्यांचे ट्रे कापले, तीन खळ्यांची एक मुंगी,
वर बोटीच्या बुडाला लावून उरलेला काळा रंग.
त्याचा वास अजून पडद्यांना येतो.
"पाय सहा असतात," ती झोपता झोपता म्हणाली.
मी आठ लावले होते.
रात्री दीड वाजता बसून
एकेका मुंगीचे दोन-दोन पाय उपटले.

वारूळ खोक्यांचं.
जिन्याखाली शिरायचं, स्वयंपाकघरात निघायचं,
मध्ये एक वळण असं की
मी स्वतः अडकून पाहिलं.
खेळ एकच, पण अवघड:
दातांत चमचा, चमच्यात साखरेची वडी,
हात पाठीमागे, चालायचं रांगेत.
रांग मोडली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

आणि पार्सल.
वर्तमानपत्राचे अकरा थर, कारण पोरं अकरा.
गाणं थांबेल तेव्हा ज्याच्या हातात,
त्यानं एक कागद सोडवायचा.
सगळ्यांत आत एक भिंग, पितळी मुठीचं.
रेडिओचं बटण माझ्या हाती राहणार होतं.
शेवटचा कागद कुणाकडे जाणार
हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

शुक्रवारी रात्री वारा फिरला.
सकाळी फेरी रद्द.
शेजारच्या बेटावरची सात मुलं पलीकडेच.
आणि फेरीचे दोर बांधणारा इंगाचा बाप,
तोही पलीकडेच.

ती खिडकीशी उभी, कपाळावर तारेच्या मिशा.
बोटांवर मोजलं. चार.
"चौघांचं वारूळ नसतं," म्हणाली.
रडली नाही.
रडली असती तर मला काहीतरी सुचलं असतं.

मग मी फोन उचलला आणि
जी नावं तोंडात आली ती घेतली.

तीन वाजता दार वाजलं.
पोस्टातून निवृत्त झालेली जेसी-ॲन,
दुकानदार, नर्स, पाद्रीबाई,
दोघे रेंडल भाऊ, एकाच घरात राहून
नऊ वर्षं एकमेकांशी न बोलणारे,
आणि सगळ्यांच्या मागे, काठी टेकत,
ब्याऐंशी वर्षांचे फाउबिस्टर,
लोकरी टोपीतून तार आरपार काढून,
घरूनच मुंगी होऊन आलेले.

रेंडल भाऊ बोगद्यात शिरले,
एक या तोंडाने, एक त्या.
वळणावर गाठ पडली.
खोकं हललं, थांबलं.
"मागे हो," आतून आवाज आला.
"तू हो."
आम्ही सगळे चहाचे कप हातात धरून
श्वास रोखून ऐकत होतो.

पार्सलच्या वेळी इंगाने रेडिओ बंद केला.
फोन टेबलावर ठेवला.
पलीकडच्या बंदरावरून तिचा बाप
शीळ वाजवू लागला, मध्येच वारा, मध्येच सूर.
त्याला दिसत काही नव्हतं,
त्यामुळे लबाडीला वाव नव्हता.
दहा कागद जमिनीवर पडले.
अकराव्याला त्याला खोकला आला.

पार्सल फाउबिस्टरांच्या मांडीवर.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं,
मग खाली पडलेला कागद उचलला
आणि गेल्या मार्चमधली मेंढ्यांच्या बाजाराची बातमी
मोठ्याने, शब्द-शब्द वाचली.
नंतर ते इंगाच्या पुढे धरलं.
तिने बराच वेळ विचार केला.
"तुमच्याकडे राहू दे," म्हणाली,
"पण जूनमध्ये घेऊन या.
तेव्हा खऱ्या निघतात."

सोफ्यामागे साखरेच्या नऊ वड्या सापडल्या.
मी उचलायला वाकले तर
पोरगी ओरडली,
"राहू दे, आई,
जूनसाठी."